बिज्जळाच्या शिलालेखांत बसवेश्वरांचे नाव का सापडत नाही?

टिळकवाडीकर

सर्वांना नमस्कार. बेळगावात वैशाख शुद्ध द्वितीयेला शिवजयंती होते आणि दुसऱ्याच दिवशी, अक्षय्य तृतीयेला, बसवजयंती येते. त्यामुळे त्या आठवड्यात आमच्या वाचनालयातील चर्चा आपोआप इतिहासाकडे वळते. यंदा तेथे एका अभ्यासू गृहस्थांनी असे मत मांडले की, महात्मा बसवेश्वर नावाची व्यक्ती खरोखर होऊन गेली असे म्हणण्यास समकालीन आधार नाही. परंपरेनुसार बसवेश्वर हे कल्याणच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याणच्या, बाराव्या शतकातील कलचुरी राजा बिज्जळाचे भांडारी आणि पुढे मंत्री होते. बिज्जळाच्या काळातील शिलालेख बऱ्याच संख्येने उपलब्ध आहेत, त्यांत त्याच्या दंडनायकांची (सेनाधिकाऱ्यांची) व अधिकाऱ्यांची नावे येतात, मग एवढ्या मोठ्या मंत्र्याचेच नाव का येत नाही, असा त्यांचा सवाल होता. चरित्रे आहेत ती पुराणांच्या स्वरूपाची, ज्यांत बसवेश्वर नंदीचा अवतार ठरतात आणि पानोपानी चमत्कार घडतात. तेव्हा ही व्यक्ती म्हणजे एका मोठ्या चळवळीने स्वतःसाठी घडवलेली प्रतिमा असावी, असे त्यांचे अनुमान होते.

मला हे अनुमान पटले नाही, परंतु त्याचे साधार उत्तर देण्याइतका माझा अभ्यास नाही. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले. कन्नड वर्तमानपत्र वाचता येते, पण जुन्या कन्नडातील शिलालेख समजत नाही. आमच्या गल्लीत निम्मी घरे बसवेश्वरांना मानणाऱ्या लिंगायतांची आहेत आणि त्या घरांशी आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा जिव्हाळा आहे, म्हणून हा प्रश्न कोणाच्या श्रद्धेला धक्का देण्यासाठी विचारलेला नाही हे प्रथमच स्पष्ट करतो. इतिहासाच्या रीतीने पाहिले तर बसवेश्वरांच्या अस्तित्वाबद्दल निश्चितपणे काय सांगता येते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हुक्केरीकर

आपल्या वाचनालयातील गृहस्थांचा मुद्दा हलका नाही आणि नवाही नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी तो जॉन फेथफुल फ्लीट यांनी मांडला होता, आणि चालुक्य, राष्ट्रकूट, कलचुरी व कदंब या घराण्यांचा इतिहास ज्यांच्या वाचनावर उभा आहे अशा मोजक्या विद्वानांत फ्लीट यांची गणना होते. मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेत असताना त्यांनी आपल्या या भागातील, ज्याला तेव्हा दक्षिण मराठा मुलूख म्हणत, असंख्य लेख वाचले. त्यांत त्यांना बसवेश्वर सापडले नाहीत. विजापूर जिल्ह्यातील मनगोळी येथे ११६१ च्या सुमाराच्या लेखात देऊळ उभारणारा बसव नावाचा एक पुरुष त्यांना आढळला खरा, पण त्याचे वडील चंदिराज होते, आणि परंपरा बसवेश्वरांच्या वडिलांचे नाव मादिराज असे सांगते. याउलट आजच्या हावेरी जिल्ह्यातील अब्बलूर येथील लेखात एकांतद रामय्या या शिवभक्ताची कथा आणि तिच्यात खुद्द बिज्जळाचा उल्लेख त्यांना विस्ताराने मिळाला. त्यामुळे बाराव्या शतकातील शैव पुनरुज्जीवनाचे खरे श्रेय रामय्यांकडे जाते आणि बसवेश्वरांची थोरवी ही पुढच्या पुराणकारांची निर्मिती असावी, या बाजूला त्यांचा कल झुकला. त्यांच्यासमोर असलेल्या साधनांचा विचार केला तर तो निष्कर्ष अविचाराने काढलेला नव्हता.

मात्र त्यांच्या लेखनानंतर एक लेख उजेडात आला आणि तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. हुक्केरी तालुक्यातील अर्जुनवाड येथील हा शिलालेख शके ११८२ चा, म्हणजे इसवी सन १२६० चा आहे. (कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातही अर्जुनवाड आहे; दोन्हींची गल्लत होऊ नये.) सौंदत्ती आणि वेणुग्राम, म्हणजे आजचे बेळगाव, येथून राज्य करणाऱ्या रट्टांचा पाडाव झाल्यानंतर हा सारा प्रदेश देवगिरीच्या यादवांकडे आला होता, आणि हा लेख यादव राजा कन्नर, ज्याला आपण कृष्ण किंवा कान्हरदेव म्हणतो, त्याच्या कारकिर्दीतील आहे. राजा देवगिरीचा असला तरी लेखाची भाषा कन्नड आहे. त्यात तर्दवाडी प्रदेशातील बागवाडीच्या मादिराजाचा पुत्र बसवराज याचा नावानिशी उल्लेख आहे, त्याला 'संगन बसव' म्हटले आहे, आणि देवराज हा त्याचा थोरला भाऊ असल्याचे सांगितले आहे. ज्याला दान मिळाले तो हालबसविदेव आपली परंपरा या थोरल्या भावापासून सांगतो.

आता हे तपशील परंपरेशी जुळवून पाहावेत. बागवाडी म्हणजे विजापूर जिल्ह्यातील आजचे बसवन बागेवाडी. मादिराज हे पित्याचे नाव पुराणांतही तेच आहे. 'संगन बसव' या नावातील संगम म्हणजे कृष्णा आणि मलप्रभा यांच्या संगमावरील कूडलसंगम, जेथील देवाच्या नावाने बसवेश्वरांचे प्रत्येक वचन, म्हणजे त्यांची छोटी कन्नड रचना, संपते. गाव, पिता आणि उपास्यदेव या तिन्ही गोष्टी एकाच व्यक्तीकडे बोट दाखवतात आणि हे दाखवणारे साधन पुराण नसून जमिनीच्या दानाचा दस्तऐवज आहे. मनगोळीच्या बसवाच्या बाबतीत नेमके हेच जुळत नव्हते, म्हणून अर्जुनवाडच्या लेखाचे मोल इतके मोठे आहे. आमच्या तालुक्यातील किती मुलांना या दगडाची माहिती असेल, असा विचार मनात आला की वाईट वाटते. कन्नड आणि मराठी अशा दोन्ही शाळांत तो शिकवला गेला पाहिजे.

चिकोडीकर

हुक्केरीकर सरांनी दिलेली माहिती मोलाची आहे, तरीही वाचनालयातील त्या गृहस्थांच्या बाजूने दोन शंका मांडणे मला आवश्यक वाटते, कारण विरोधी मत त्याच्या सर्वांत बळकट रूपात तपासले जायला हवे.

पहिली शंका काळाची आहे. बिज्जळाची सत्ता ११६७ च्या सुमारास संपली आणि अर्जुनवाडचा लेख १२६० चा, म्हणजे मध्ये नव्वद वर्षांहून अधिक काळ गेला. एवढ्या अवधीत एखादी कथा रुजून तिच्यातील नायकाशी नाते सांगण्याची चढाओढ सुरू होऊ शकते. दान घेणाऱ्याचा हितसंबंध तर उघडच आहे. थोर पुरुषाशी संबंध जोडला की मान वाढतो आणि मानाबरोबर जमीनही मिळते.

दुसरी शंका अधिक मूलगामी आहे. शिलालेख म्हटला की तो खरा आणि पुराण म्हटले की ते खोटे, अशी विभागणी आपण नकळत करत आहोत. अब्बलूरच्या ज्या लेखावर फ्लीट यांनी भिस्त ठेवली, त्यात एकांतद रामय्या जैनांशी पैज लावून स्वतःचे शिर कापतात आणि ते शिवाच्या कृपेने पुन्हा जुळते, असे दगडावर कोरलेले आहे, आणि हा लेख घटनेनंतर अवघ्या काही दशकांतला आहे. जवळच्या काळातील दगडही चमत्कार सांगत असेल, तर लांबच्या काळातील दगडावर आपण किती विसंबावे?

हुक्केरीकर

शंका रास्त आहेत आणि दोहोंचे उत्तर एकाच दिशेने जाते. अब्बलूरच्या लेखातील शिरच्छेदाची कथा आपण इतिहास म्हणून स्वीकारत नाही, पण म्हणून रामय्या नावाचा कोणी भक्त नव्हताच असेही कोणी म्हणत नाही. देऊळ, दान आणि हनगलच्या कदंब राजा कामदेवाने त्याला दिलेली मान्यता हा त्या लेखातील व्यवहाराचा भाग आहे; चमत्कार हा स्तुतीचा भाग आहे. कोणताही लेख वाचताना या दोन्ही थरांची वेगळी दखल घ्यावी लागते.

अर्जुनवाडच्या लेखाकडे याच नजरेने पाहावे. दान घेणाऱ्याला थोरवीच हवी असती, तर त्याने थेट बसवेश्वरांचाच वंश सांगितला असता. तो सांगतो थोरल्या भावाची परंपरा, आणि हा भाऊ, देवराज, काही जनमानसात गाजलेला पुरुष नव्हे. काल्पनिक नायकाला मोठा भाऊ चिकटवून, त्या भावाच्या नावाने तिसऱ्या-चौथ्या पिढीत राजसत्तेकडून जमीन मिळवणे फार अवघड आहे, कारण दान देणारे, साक्षी असणारे आणि शेजारचे मठ यांच्यापैकी अनेकांना त्या घराण्याची माहिती असणार. नव्वद वर्षे हा काळ आजोबांनी नातवाला सांगितलेल्या गोष्टीच्या आवाक्यातला आहे. हितसंबंधामुळे माणूस नाते फुगवून सांगतो हे मान्य, परंतु ज्याच्याशी नाते सांगायचे ती व्यक्ती त्या आधीच सर्वांना ठाऊक असावी लागते.

खानापूरची वाचक

चर्चा फार उपयुक्त चालली आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी असल्याने थोडी तुलना मांडते, कारण धर्मसंस्थापकांच्या बाबतीत नव्वद वर्षांचे अंतर मोठे की लहान, हे एकट्या बसवेश्वरांकडे पाहून ठरवता येणार नाही.

गौतम बुद्धांचे उदाहरण घ्यावे. एकोणिसाव्या शतकात काही युरोपीय विद्वान, विशेषतः फ्रान्सचे एमिल सेनार, बुद्धचरित्रातील बहुतांश कथांचा अर्थ सूर्यविषयक मिथक म्हणून लावत होते. १८९६ मध्ये लुंबिनी येथे अशोकाचा स्तंभलेख सापडला आणि त्यात 'येथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले' असे शब्द वाचायला मिळाले. हा स्तंभ बुद्धांच्या निर्वाणानंतर, कोणता कालानुक्रम मानावा त्यानुसार, सुमारे दीडशे ते सव्वादोनशे वर्षांनी उभारलेला आहे, म्हणजे अर्जुनवाडपेक्षा कितीतरी अधिक अंतराने. वर्धमान महावीरांच्या बाबतीत याहून वेगळ्या प्रकारची साक्ष मिळते. पाली ग्रंथांत 'निगंठ नातपुत्त' या नावाने त्यांचा उल्लेख प्रतिस्पर्धी आचार्य म्हणून, तोही फारसा आदराने नव्हे, वारंवार येतो. आणि ज्याला महावीरांचे माहात्म्य वाढवण्याची काहीच गरज नाही अशा विरोधकाची साक्ष इतिहासकाराला फार महत्त्वाची वाटते.

बसवेश्वरांच्या बाबतीतही विरोधी बाजू आहे. जैन परंपरेतील बिज्जळचरित्र त्यांना राजघातकी खलपुरुष म्हणून रंगवते. ते सतराव्या शतकातील असल्याने घटनांच्या तपशिलासाठी उपयोगाचे नाही, तथापि 'असा मनुष्य झालाच नाही' हा सर्वांत सोपा प्रतिवाद विरोधकांनीही केलेला दिसत नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

आपल्या मराठी वाचकांना सर्वांत जवळचे उदाहरण चक्रधरस्वामींचे वाटेल. त्यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतांश त्यांच्याच शिष्यपरिवाराने, म्हाइंभटांनी, तेराव्या शतकात संकलित केलेल्या लीळाचरित्रातून. त्यात अद्भुत प्रसंग आहेत, भक्तिभाव तर ओतप्रोत आहे, तरीही गावांची नावे, जेवणखाण, शिष्यांचे रुसवेफुगवे यांनी ती व्यक्ती इतकी सजीव होते की तिच्या अस्तित्वाबद्दल कोणी अभ्यासक गंभीर शंका घेत नाही. राजांच्या लेखांत नाव असणे ही अट आपण त्यांना लावत नाही, मग ती बसवेश्वरांनाच का लावावी?

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे बिज्जळाच्या लेखांतील मौनाकडे येते. त्या काळातील लेख बहुतेक देवळांना आणि अग्रहारांना (ब्राह्मणांच्या वसाहतींना) दिलेल्या दानांचे आहेत. त्यांत दान देणारा, घेणारा आणि त्या भागाचा अधिकारी यांची नावे येतात. कल्याणच्या दरबारातील प्रत्येक अधिकाऱ्याची नोंद ठेवणे हे त्यांचे प्रयोजनच नाही. त्यातही बसवेश्वरांचे एक सर्वपरिचित वचन आठवावे, ज्यात ते म्हणतात की धनवान शिवालये बांधतात, मी गरिबाने काय करावे, माझे पाय हेच खांब, देह हेच देऊळ आणि मस्तक हाच सोन्याचा कळस. स्थावराला नाश आहे, जंगमाला नाही. ज्याने देवळाचा दगड सोडून चालत्याबोलत्या माणसात देव पाहिला, त्याचे नाव देवळांच्या दानलेखांत शोधायचे आणि मिळाले नाही म्हणून तो नव्हताच म्हणायचे, ही रीत मला मुळातच चुकीची वाटते. हे वचन मी आजीकडून कन्नडात ऐकत आले आहे आणि आजही ते वाचताना अंगावर काटा येतो, एवढे येथे नमूद करते.

चिकोडीकर

मौनाबद्दलचा हा खुलासा मला पटला. पण वचनांचा आधार घेताना त्यांची लिखित परंपरा लक्षात घ्यावी. वचने मुख्यतः पंधराव्या शतकापासून संकलित होत गेली. शून्यसंपादने हा त्या काळातील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ. विसाव्या शतकात फ. गु. हळकट्टी यांनी घरोघर आणि मठोमठ फिरून ताडपत्रांच्या पोथ्या गोळा केल्या आणि १९२३ मध्ये वचनशास्त्रसाराचा पहिला भाग प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे हे साहित्य सर्वांच्या हाती आले. मधल्या काळात काही वचने मागाहून रचली जाऊन 'कूडलसंगमदेव' या मुद्रेखाली, म्हणजे रचनेतील ओळखीच्या नावाखाली, घातली गेली असण्याची शक्यता अभ्यासकही मान्य करतात. तेव्हा एकेका वचनावरून चरित्र रचणे धोक्याचे आहे.

खानापूरची वाचक

एकेका वचनाबाबत आपले म्हणणे मान्य आहे. परंतु सर्व वचनांचा एकत्रित विचार केला तर चित्र बदलते. अल्लमप्रभू, चन्नबसवण्णा, अक्कमहादेवी, सोलापूरचे सिद्धरामेश्वर आणि त्यांच्याबरोबर चांभार, धोबी, नावाडी, सूत कातणाऱ्या स्त्रिया अशा कितीतरी वचनकारांच्या रचनांत बसवण्णांचे नाव येते, आणि प्रत्येकाची मुद्रा, शैली व त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी वेगळी आहे. कोणी त्यांना गुरू मानतो, कोणी त्यांच्याशी वाद घालतो, अल्लमप्रभूंसारखा तर त्यांच्या भक्तीतील उणीवही दाखवतो. हा सारा समुदाय एका काल्पनिक व्यक्तीभोवती कोणीतरी मागाहून रचला असे मानायचे, तर तो रचणारा कवी बसवेश्वरांहूनही अद्भुत ठरेल.

संकेश्वरकर

येथे एक भेद स्पष्ट व्हावा असे वाटते, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल. बसवेश्वर होऊन गेले का, हा एक प्रश्न. आणि लिंगायत किंवा वीरशैव धर्माचे संस्थापक कोण, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नात रेणुकाचार्य आदी पंचाचार्यांना आद्य मानणारी परंपरा आहे, जी त्यांचे प्राकट्य शिवलिंगातून झाले असे सांगते, आणि बसवेश्वरांनाच संस्थापक मानणारी परंपरा आहे. आमच्या भागात एकाच घरात हे दोन्ही मानणारे लोक आहेत. लिंगातून झालेल्या प्राकट्याची तपासणी शिलालेखांनी होणार नाही, तो श्रद्धेचा प्रांत आहे. बसवेश्वर मात्र बागेवाडीत जन्मलेला, राजदरबारी नोकरी केलेला माणूस म्हणून परंपरेलाही मान्य आहेत, म्हणूनच त्यांच्याबाबत दगडांना आणि पोथ्यांना विचारणे योग्य ठरते. दुसऱ्या प्रश्नावर या धाग्यात वाद वाढवू नये, ही विनंती.

टिळकवाडीकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ही माहिती मी पुढच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे. अजून एका गोष्टीचा उलगडा व्हावा. ब्राह्मण मधुवरसांची कन्या आणि चर्मकार हरळय्यांचा पुत्र यांचा विवाह, त्यावरून बिज्जळाने दिलेली क्रूर शिक्षा, त्यानंतर झालेला बिज्जळाचा वध आणि कल्याणचा विध्वंस ही हकिकत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बसवेश्वरांचे अस्तित्व मान्य केले म्हणजे हीसुद्धा जशीच्या तशी इतिहास म्हणून मान्य होते का?

हुक्केरीकर

तशी ती मान्य होत नाही. अस्तित्व सिद्ध होणे आणि चरित्रातील प्रत्येक प्रसंग सिद्ध होणे या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. कलचुरींच्या स्वतःच्या लेखांवरून असे दिसते की, ११६७-६८ च्या सुमारास बिज्जळानंतर त्याचा मुलगा सोविदेव सत्तेवर आला, त्याच्यानंतर त्याच्या भावांनी राज्य केले आणि ११८४ च्या आसपास चालुक्य सोमेश्वर चौथ्याने सत्ता परत मिळवली. म्हणजे बिज्जळानंतरही कलचुरींचे राज्य सुमारे सोळा वर्षे चालले. कल्याण नगरी आणि तिची सत्ता एका रात्रीत भस्म झाली, असे पुराणांतून जे चित्र उभे राहते ते या लेखांशी जुळत नाही. बिज्जळाचा वध झाला की त्याने मुलाच्या हाती राज्य सोपवले, याबद्दलही इतिहासकारांत एकमत नाही.

दुसरीकडे शरणांना, म्हणजे बसवेश्वरांच्या सोबतच्या शिवभक्तांना, कल्याण सोडून पांगावे लागले ही आठवण परंपरेत खोल रुतलेली आहे आणि आपल्या भागात तिच्या खुणा आहेत. कारवारकडच्या जंगलातील उळवी येथे चन्नबसवण्णांची समाधी मानली जाते आणि बेळगाव, धारवाड भागातून भाविक आजही बैलगाड्यांनी तेथे जातात. एखाद्या मोठ्या आघाताशिवाय अशी आठवण सहसा तयार होत नाही. आंतरजातीय विवाहाची हकिकत त्या आघाताचे कारण असू शकते आणि वचनांतील जातिभेदाविरुद्धची धार पाहता ती अशक्यही वाटत नाही, पण तिचा समकालीन लेखी आधार उपलब्ध नाही.

जन्म-मृत्यूच्या वर्षांचेही तसेच आहे. जन्मवर्ष कोणी ११०५ देतात, कोणी ११३१. देहावसान कोणी ११६७ मध्ये मानतात तर कोणी ११९६ मध्ये. बैठकीत कोणी या फरकावर बोट ठेवले तर त्यांना एवढेच सांगावे की, बुद्धांच्या निर्वाणाच्या वर्षाबद्दल जवळजवळ शतकभराचा मतभेद आहे. आणि शक्य झाले तर त्या अभ्यासू गृहस्थांना घेऊन एकदा हुक्केरीला यावे. मी अर्जुनवाडच्या लेखाचे वाचन ओळीओळीने मराठीत समजावून सांगेन, म्हणजे त्यांच्या ज्या शंका उरतील त्या प्रत्यक्ष मजकुरावर उरतील.